गार झालेला चहा

मी सूसला राहतो. शनिवारी माझी गाडी मुळशीतल्या मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या एका संस्थेच्या कामाला असते आणि शेजारच्या सीटवर संस्थेतर्फे घरोघरी जाऊन आईबापांना पटवणाऱ्या बाई असतात. पिशवी मांडीवर, चपला काढून ठेवलेल्या, आणि बोलणं असं, की समोरच्यानं होच म्हणावं. कुणाच्याही घरी त्या पुढ्यातला चहा लगेच उचलत नाहीत. "घेईन. आधी पोरीचं ठरू दे," म्हणतात. आलेलं माणूस चहा न घेता गेलं की घराला ते लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला ही जबरदस्ती वाटायची.

परवा धरणाजवळच्या एका घरातल्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. वडील म्हणाले, "पुण्यात एकटी ठिवायची? न्हाई जमायचं. तुमी चहा घ्या."

बाईंनी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. शेवटी त्या पिशवी घेऊन उठल्या आणि उंबऱ्यापर्यंत गेल्या. वडिलांनी भरल्या कपाकडे पाहिलं, मग चुलीपाशी उभ्या मुलीकडे.

"हा गार झालाय," ते बायकोला म्हणाले. "दुसरा ठिव. जाऊ दे पोरगी."

बाई परत बसल्या आणि कप रिकामा करूनच उठल्या.

परतताना त्यांनी पिशवीतून पित्ताची गोळी काढून चघळली. "चहा मला सोसतच नाही हो," त्या म्हणाल्या. "भुकूमला मेडिकलपाशी थांबा. गोळ्यांचं पाकीट संपलं, आणि पुढच्या शनिवारी अजून बरीच घरं व्हायचीत."