देवीच्या गाडीचा पंप

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कारंजा थोडंच पुढं राहिलं होतं आणि आमची गाडी धक्के देत देत भर दुपारी बंद पडली. मागं हौद्यात भाताच्या तणसावर आमच्या गावच्या देवीची नवी दगडी मूर्ती होती. ती आम्ही नागपूरहून आर्वीकडं आणत होतो. माझा स्वभाव आधीच तापट. मी सरळ देवीवरच खेकसलो, "तुलेच घेऊन चाललो अन् तूच काऊन अडवून राह्यली?"

रागाखाली भीती होती. मूर्ती एकदा उचलली की चौथऱ्यावर बसेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, ही आमच्या गावची रीत. आम्ही होतो दोघंच, त्यामुळं मूर्ती कुठं न टेकवता दुसऱ्या गाडीत चढवायची सोय नव्हती. त्यात आई शेजारी बसलेली. देवी जागेवर बसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं ती बोलून बसली होती. तिला साखरेचा आजार. कपाळावर घाम आला होता, हात थरथरत होते. "माय, घासभर तरी खा," म्हणून मी काकुळतीला आलो, पण आमची आई एकदा नाई म्हणाली की नाईच.

फिल्टर उघडला तर त्यात पाणी. म्हणजे डिझेल नोझलकडं ढकलणारा पंपच जाम झालेला. तो नागपूरशिवाय मिळायचा नाही. मी बंपरवर बसलो आणि देवीला म्हटलं, आता तूच पाह्य बाई, माह्या हातात काही नाई.

तेवढ्यात एक ट्रक पुढं जाऊन थांबला. पिकल्या मिशांचा, अमरावतीकडचा ड्रायव्हर उतरून आला. त्यानं पंप पाहिला, आईकडं पाहिलं, मागची मूर्ती पाहिली. आपल्या दुसऱ्या गाडीसाठी तसलाच पंप तो नागपूरहून दुरुस्त करून नेत होता. "हा बसवू. तुमचा जाम झालेला मी दुरुस्तीले टाकतो, हिसाब बराबर," म्हणाला.

त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या. गाडीत देवी आहे म्हणून. तापल्या पत्र्यावर अनवाणी उभा राहून त्यानं पाइप सोडवले आणि आत कचरा जाऊ नये म्हणून आपला धुतलेला दुपट्टा फाडून एकेका तोंडाला चिंधी बांधली. काय हात होते त्या माणसाचे! इंजिन तसूतसूनं फिरवून त्यानं खुणेला खूण जुळवली, मगच पंपाचे बोल्ट आवळले. मी जन्मभर गाड्या चालवल्या, पण लोखंडाशी इतक्या मायेनं वागणारा माणूस पाहिला नव्हता.

"टाकीत पाणी आलं कुठून?" त्यानं विचारलं.

आई हळूच म्हणाली, "मी दसऱ्याले तीर्थ घातलं होतं बाबू. गाडीले बाधा होऊ नये म्हणून."

मी कपाळाला हात लावला. तो मात्र हसला नाही. "आई, पुढच्या टायमाले बॉनेटवर शिंपडजा," एवढंच म्हणाला. फिल्टरमधलं ते पाणी त्यानं रस्त्यावर फेकलं नाही, बाभळीच्या बुडाशी ओतलं.

टाकी रिकामी करून त्यानं आपल्या डब्यातलं डिझेल भरलं. मग नळ्यांतली हवा काढायला इंजिनावरचा छोटा हातपंप मारत बसला. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची स्वच्छ धार. सेल्फ मारताच इंजिन धडधडून उठलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

जाताना त्यानं आपली शिदोरी उघडली आणि भाकरीवर चटणी ठेवून आईपुढं धरली. हात कोपरापर्यंत काळे. तिचा नेम त्याला ठाऊक नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं मला थांबवलं.

"देवी पोचली रे," ती म्हणाली. "आन इकडं भाकर."

तिनं ती सगळी खाल्ली.

मूर्ती संध्याकाळी चौथऱ्यावर बसली, वाजतगाजत. लोक विचारत होते, देवी किती वाजता आली? मी काय सांगणार! देवाला कुठं आणि कोणाच्या हातानं यायचं ते आपण ठरवू नये. आला की आईसारखं ओळखावं आणि हात पुढं करावा.