दुसरा खांब

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा इतिहास कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, आजही ते सगळं आठवलं की माझं डोकं फिरतं.

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. तालुक्याच्या गावी नवंनवं कॉलेज निघालं होतं, नागपूरच्या विद्यापीठाला जोडलेलं. पी.टी.च्या सरांनी आल्या आल्या बास्केटबॉलची टीम काढली. बैलगाडीच्या चाकावर चढवतात त्या लोखंडी पट्टीचा उरलेला तुकडा वाकवून लोहारचाचांनी रिंग करून दिली. कोणाच्या तरी खळ्यातला जुना खांब मैदानाच्या एका टोकाला पुरला, वर फळी ठोकली, फळीला रिंग. दुसऱ्या टोकाच्या खांबासाठी सर कॉलेज कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. मीही सोबत होतो. अध्यक्ष म्हणजे गावचे मोठे जमीनदार. पानाला चुना लावता लावता त्यांनी विचारलं, "मास्तर, चेंडू किती असतात?"

"एकच."

"मंग रिंगा दोन कशाले पाह्यजेत?"

सर आणि मी रिकाम्या हातानं परत आलो. आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा तुम्ही!

तर आम्ही एकाच रिंगेवर शिकलो. दोन बाजू पाडायच्या आणि दोघांनीही त्याच रिंगेत चेंडू टाकायचा. ज्याच्या हाती लागेल त्याचा. सरांचा एकच धोशा असे, "पडला की उचल, उचलला की टाक!" आम्ही त्या खांबाभोवती मळणीच्या बैलांसारखे फिरायचो आणि स्वतःला मोठे खेळाडू समजायचो. आजूबाजूला दुसरी टीमच नव्हती, त्यामुळे आम्हाला कोणी हरवलंही नव्हतं.

आमच्यात वरवट बकाल गावचा एक शेतकऱ्याचा पोरगा होता. आम्ही त्याला लंब्या म्हणायचो. वर्गात दारातून वाकून यायचा. रिंगेवर आपटून परत आलेला चेंडू तो हवेतच धरायचा आणि पाय जमिनीला लागायच्या आत पुन्हा आत टाकायचा. विचार नाही, बघणं नाही. हात आपला आपण काम करायचा. नागपूरच्या सामन्यांतून विद्यापीठाची टीम निवडणार, हे कळल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मला म्हणायचा, "विद्यापीठाचा बनियन एक डाव अंगावर चढू दे बे, मंग मी मेलो तरी चालते."

"मेल्यावर बनियन मले दे," मी म्हणायचो.

नांदुऱ्याहून रेल्वेनं नागपूरला गेलो. मैदान पाहून आमचे डोळेच पांढरे झाले. खाली सिमेंट, पांढऱ्या रेघा, आणि दोन्ही टोकांना चकचकीत रिंगा. दोन रिंगा असतात हे आम्हाला काय माहीत नव्हतं का? होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दोन्हींच्या मधे उभं राहणं वेगळं. सर रेघेबाहेरून ओरडत होते, "ती नाही रे, ती त्यांची! पलीकडची!" मध्यांतरानंतर बाजू बदलल्या आणि आमची आणखीच पंचाईत झाली.

पण खरं सांगतो, खेळलो आम्ही जिवावर उदार होऊन. शेवटचं मिनिट चाललं होतं आणि आम्ही एका गुणानं पुढे होतो. नागपूरच्या कॉलेजच्या पोरानं चेंडू फेकला. तो रिंगेवर आपटून बाहेर आला. लंब्या उडाला. अशी उडी मी जन्मात पाहिली नव्हती. चेंडू त्यानं हवेतच धरला, आणि मी मनात म्हटलं, जिंकलो!

आणि त्यानं तो आत टाकला. त्यांनी जिच्यावर नेम धरला होता, त्याच रिंगेत.

तो हात वर करून खाली आला. हसत होता हो! आमच्याकडे बघून हसत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यालाही वाटलं आपल्यासाठीच. मग त्यानं माझं तोंड पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्याचं हसू तिथंच थिजलं. तेवढ्यात शिट्टी झाली. त्याचे दोन गुण त्यांना गेले, आम्ही एका गुणानं हरलो.

विद्यापीठाची टीम निवडणारे गृहस्थ सरांकडे आले. आम्हाला वाटलं, आता हे हजामत करणार. ते म्हणाले, "या मुलाची उडी मी सोडणार नाही. पुढच्या वर्षी याला घ्यायचं माझ्यावर. पण आधी दोन रिंगांवर खेळवा याला."

गावी आल्यावर सरांनी अध्यक्षांना सगळं सांगितलं. अध्यक्ष ठसका लागेपर्यंत हसले. "आपल्याच रिंगेत टाकला? येडा हाये का बे थो?" मग हसू ओसरलं. पान तोंडात तसंच राहिलं. "काऊन मास्तर, त्याले दुसरी दाखवली कोनं होती?" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बैलगाडी सागवानी खांब घेऊन कॉलेजच्या दारात उभी.

लोहारचाचांनी दुसरी रिंग केली. लंब्यानं स्वतः खड्डा खणला, खांबाला फूल वाहिलं. आता बनियन पक्का, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

आणि त्याचा खेळ गेला.

चेंडू हातात आला की तो थांबायचा. मान इकडे, मान तिकडे. कोणती आपली, कोणती त्यांची. तेवढ्यात कोणीही टिंगू येऊन चेंडू हिसकून न्यायचा. आम्ही आधी टिंगल केली, "लग्नाचा मुहूर्त पाहून राह्यला काय बे?" मग चिडलो. "टाक ना बे!" म्हणून मी तर अंगावर धावून जायचो. त्याच्या कपाळावर घाम, हात वर, आणि डोळे मागच्या खांबाकडे. उडी तशीच होती, पण वर गेल्यावर तो विचार करायचा. अख्खं वर्ष असंच गेलं.

नागपूरची निवड तोंडावर आली, तेव्हा सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझंच नाव पाठवतोय. फक्त थांबू नकोस. पडला की उचल, उचलला की टाक. जमेल ना?"

लंब्या चेंडू पोटाशी धरून उभा होता. मान वळवून त्यानं त्या सागवानी खांबाकडे पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "थो दुसरा खांब काढून टाकता येईन का जी?"

सरांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मी त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, पण शिवी गिळली, कारण पोरगं खरं बोलत होतं. त्या वर्षी आमच्या कॉलेजातून नागपूरला कोणाचंच नाव गेलं नाही.