बसून बोलणारे मामाजी

गेल्या महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत, ऐन अकराच्या उन्हात, माझ्या बहिणीच्या सासऱ्यांवर अन्याय झाला. कारण काय, तर ते उठले. आज अख्ख्या एटापल्ली तालुक्यात त्यांच्याइतका विचार करून उठणारा दुसरा माणूस दाखवा, मी ही पत्रकं वाटणं सोडून देईन. बहीण त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

त्या सकाळी ते अंगणात वाळवलेली मोहफुलं पोत्यांत भरत होते, त्यामुळे अंगाला मोहाच्या दारूसारखाच गोड-आंबूस वास. पोटात रक्तदाबाची गोळी होती, पाणी नव्हतं. तसेच सभेत येऊन कितीतरी वेळ मांडी घालून बसले. आमच्या गावचा रिवाज असा की बोलायचं तर उभं राहून. बसून बोललेलं कोणी धरत नाही. रस्त्यासाठी तळ्याकाठची मोहाची झाडं तोडायचा विषय निघाला आणि मामाजी ताडकन उठले. "हे झाडं आपल्या..." एवढं म्हणाले आणि पोलीस पाटलाच्या मांडीत कोसळले. टेबलामागचे साहेब म्हणाले, "पिऊन आला बुढा. बाजूला न्या." मागून कोणीतरी विचारलं, "पह्यल्या धारेची होती का गा?" सभा हसली. दारूबंदीच्या जिल्ह्यात, जन्मात घोट न घेतलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. ते डोळे उघडेपर्यंत विषय पुढच्या सभेवर ढकलून मंडळी चहाला गेली होती.

मी त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दाब आधी झोपवून मोजला, मग उभं करून, आणि उभं राहताच तो धपकन उतरला. माणूस उठला, की रक्त आपल्याच वजनानं पायांकडे ओघळतं. लगेच हृदय ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि डोक्याला रक्त पोचत राहतं. तुमच्या-माझ्या अंगात हे इतक्या झटपट होतं की कळतही नाही. वय, ऊन, तहान आणि गोळी एकत्र आली, की ही यंत्रणा उशिरा जागी होते, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी. आडवं पडलं, की रक्त परत डोक्याकडे. मामाजींनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे पडणं हाच इलाज व्हय का वो?" बाई म्हणाल्या, "इलाजच आहे, भाऊ. पण हळू उठणं स्वस्त पडतं." त्यांनी गोळीही बदलून दिली.

तेव्हापासून मामाजींचं उठणं हा घरातला सोहळा झाला. आधी खाटेवर बसतात, पाय खाली सोडतात, पंजे हलवतात, पोटऱ्या आवळतात, तांब्याभर पाणी पितात आणि मग घरादाराला सांगतात, "उठून राह्यलो गा." बहीण दारातून ओरडते, "मामाजी, बस चालली न." "जाऊ दे वो बाई. रगत अजून पोटरीतच आहे, त्याले सोडून कसा जाऊ?" अशा किती बस त्यांनी सोडल्या असतील. लग्नाच्या पंगतीत शेवटचा भात यायच्या आधीच ते उठायच्या तयारीला लागतात. वाढणाऱ्यांना वाटतं पाहुणे रुसले, म्हणून ते आणखी बुंदी वाढतात. हा गैरसमज मामाजींनी आजवर दूर केलेला नाही. मी कधी झटकन उठलो, की ऐकवतात, "एवढ्या जोरानं काऊन उठतं बे? तुह्या दिलाले विचारलं का?"

पण ग्रामसभेचं नाव काढलं, की हाच माणूस "हसतात बापा लोकं," एवढंच म्हणतो आणि तळ्याकाठी जाऊन त्याच झाडांखाली पाचोळा सारत बसतो. परवा मी शेजारी बसून विचारलं, "त्या दिवशी पुढं काय म्हणणार होते?" फांद्यांकडे पाहून म्हणाले, "तिथंच सांगीन. इथी सांगून का फायदा? या झाडायले माहीत आहे."

पुढच्या सभेत पुन्हा हाच विषय आहे. मामाजी येतील, मी आणीन, आणि ते बसून बोलतील. त्या दिवशी तुम्ही हसला असाल, तर या वेळी पुढं येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसा. त्यांचं ते अर्धं वाक्य पुरं होईपर्यंत कोणीही उठायचं नाही.