फ्लेक्सवरचा दादा

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मी बी.कॉम.ला आहे, पण इंग्रजी वाचता येतं म्हणजे कायदाही येत असणार, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यामुळे दादाला सेशन्स कोर्टाने शिक्षा सुनावली, तेव्हा निकालाचे कागद माझ्याच मांडीवर आले.

लालबागच्या आमच्या नाक्यावर कुठल्या मंडळाची मिरवणूक आधी वळणार, या राष्ट्रीय प्रश्नावर आमच्या मंडळाच्या पोरांनी शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाला घेरून मारलं होतं. त्याचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. दादाचं म्हणणं एकच, "मी तिथे नव्हतो." वकिलांनी समजावलं, की जमावात होतात एवढं सिद्ध झालं, की कोणता फटका कोणाचा हे कोणी विचारत बसत नाही. म्हणून हायकोर्टातल्या अपिलात दादाचा सगळा भार या एका वाक्यावर होता, की तो त्यांच्यातला नव्हता.

अपील चालू असेपर्यंत सगळ्यांना जामीन मिळाला. पोरं घरी आली त्याच संध्याकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला. 'परत आले आमचे वाघ!' सगळ्या आरोपींचे चेहरे, आणि बरोबर मधोमध, कुणाचा तरी गॉगल चिकटवलेला आमचा दादा.

वकिलांनी तो फ्लेक्स मोबाइलवर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मी कोर्टात सांगतोय हा यांच्यातला नाही, आणि तुम्ही यालाच त्यांच्या मधोमध छापून टांगलंय! उद्या समोरच्यांनी हे दाखवून जामीन रद्द करा म्हटलं तर?"

आई मला घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली.

"माझ्या झिलाचो फोटो तेवढो काढा."

"काकी, असं कसं? एकाचा काढला की बाकीचे रुसतात. आणि मधला काढला तर फ्लेक्सला भोक पडेल ना."

"मग भोक पडू दे!"

"बघा हां, लोक म्हणतील पोरगा घाबरला."

कलेसाठी एवढी तळमळ मी कॉलेजातसुद्धा पाहिली नव्हती. फ्लेक्स राहिला. शेवटी वाऱ्याने फाटला, तेव्हाच उतरला. आम्ही वाऱ्याचे आभार मानले.

अपिलाचा निकाल लागला. बाकीच्यांची शिक्षा कायम झाली. दादा सुटला. साक्षीदारांनी पोलिसांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याचं नाव नव्हतंच, म्हणून संशयाचा फायदा. आईने विचारलं, "म्हणजे काय गो?" मी म्हटलं, "तो तिथे होता हे सिद्ध झालं नाही." तिने देवापुढे साखर ठेवली. तो तिथे नव्हता, असं कुठे लिहिलंय का, हे मी दोनदा शोधलं. तिला सांगितलं नाही.

गणपती आले. नाक्यावर नवा फ्लेक्स लागला. 'तुमची उणीव भासते.' तुरुंगात गेलेले सगळे त्यावर होते आणि त्याखाली सगळे कार्यकर्ते, अगदी चहा आणणारेसुद्धा. दादा नव्हता. आरतीलाही त्याला कोणी हाक मारली नाही.

आईने अध्यक्षांना रस्त्यातच गाठलं. "माझ्या झिलाचो फोटो खंय?"

"काकी, तो आमच्यातला नाही असं कोर्टानेच सांगितलं. कोर्टाचा अवमान कसा करायचा?"

हायकोर्टाचा इतका मान राखणारं मंडळ आख्ख्या मुंबईत दुसरं नसावं.

आई घरी आली आणि कपाटातून दादाचा चांगला फोटो काढू लागली. "मी परत जातंय. हात जोडतंय, पण लावूक सांगतंय. नायतर चाळीत ह्याका कोण विचारतला?"

दादा खिडकीत उभा होता. खाली आरतीच्या रांगेतून शेजारच्या गल्लीतला तो मुलगा पुढे सरकत होता. आरतीचं ताट घ्यायला त्याने एकटा उजवाच हात पुढे केला, डावा खालीच राहिला. दादा वळला आणि दारात येऊन उभा राहिला.

"नको आई," तो म्हणाला. "एकदा तरी मला तिथे नसू दे."

आई फोटो हातात धरून तशीच खाली बसली. मी तिच्या हातातून तो घेतला आणि परत कपाटात ठेवला.