चक्कोत्याची फोड आणि लिंबाचा दिवा

मला नीट लिहिता येत नाही, सातवीत शाळा सुटली माझी, आणि झालं ते मलाच अजून पुरतं कळलेलं नाही, तरी सांगते. छातीत गाठ निघाली तेव्हा लेक तीन वर्षांची होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार थोडा हाडात पसरलाय, आता रोज ही गोळी घ्यायची, ही त्याला पुढे पसरू देत नाही. मग त्या बरंच काही बोलल्या, इंग्रजीतला कागदही दिला. मी आपली कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून मान हलवत होते. पसरलाय एवढंच कानात, बाकी नुसतं त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. कागद ह्यांनी फायलीत लावून टाकला, वाचायचा धीर त्यांनाही नव्हता.

घरी आले आणि भीतीच वाटायला लागली. एवढीशी गोळी, ती काय अडवणार? म्हणून मी देवीला मध्ये घातलं. देवनहळ्ळीच्या मावशीच्या परसात चक्कोत्याचं झाड आहे, पपनस म्हणतात ना, तेच. ती फळं पाठवायची. आमच्यात औषध देवापुढे ठेवूनच घेतात, तर मी रोज सकाळी गोळी आणि चक्कोत्याची एक फोड बनशंकरीच्या फोटोपुढे ठेवायची आणि दोन्ही बरोबरच खायची. वाटायचं, गोळीसोबत देवीपण आत जाते.

पंधरा दिवसांत आडवीच झाले. उलट्या, तोंड आलेलं, चार पायऱ्या चढले की धाप. लेकीला उचलता येईना, तर तीच म्हणायची, "आई, तू बस, मी तुला उचलते." सासूबाई म्हणाल्या, "गोळीच बाधतेय गं, सोड ती." मावशी फोनवर म्हणाली, "फळ जास्त खा, शक्ती येईल." मी दोन फोडी खायला लागले. आणखीच वाईट. देवी रागावली की काय, काही कळेना.

मंगळवारी पिशवीत गोळ्यांची डबी घातली, वर एक चक्कोता नैवेद्याला, आणि ऑटोने बनशंकरीच्या देवळात गेले. डबी तिच्या पायाशी ठेवून मोकळ्या हाताने यायचं, असं मनात ठरवलेलं. तिथे राहुकाळात बायका लिंबाचे दिवे लावतात. अर्धं लिंबू पिळायचं, साल उलटी करून वाटी करायची, त्यात तूप आणि वात. मला काही ती उलटता येईना, साल फाटायचीच. दोन लिंबं गेली. शेजारी एक बाई होती, पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेली. कानडीत म्हणाली, "देवीला दिवा लावतेस की सरबत पाजतेस? आण इकडे."

तिने साल उलटून दिली. घ्यायला वाकले तर पिशवी कलंडली, फळ आणि डबी दोन्ही बाहेर. तिचं हसू गेलं.

"ह्या गोळ्या तुझ्या? आणि हे फळ पण खातेस?"

"रोज. बरोबरच."

"अय्यो! मी ह्याच घेते, दोन वर्षं झाली. ह्या फळाने गोळी अंगात जास्त साठते गं, बाधते. मला चारदा बजावलं होतं. तुला नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल, अक्का," म्हटलं आणि रडूच फुटलं.

"रड नंतर. आधी आस्पत्रेत फोन लाव."

नर्स म्हणाली, फळ बंद, आम्ही सांगेपर्यंत गोळी घेऊ नका, आत्ताच या. मी कसाबसा दिवा लावला. त्या अक्कानेच मला ऑटोत बसवलं, ऑटोवाल्याला "अण्णा, स्वल्प सावकाश" म्हणाली. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानंतर कितीतरी मंगळवार गेले, ती दिसली नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी काही दिवस गोळी थांबवली, मग परत सुरू केली. ह्यावेळी मी ह्यांना तो कागद ओळ न ओळ मराठीत सांगायला लावला. परवा तपासणी झाली. बाई म्हणाल्या, आहे तिथेच आहे, पुढे गेलेलं नाही. बरी झाले असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

मी देवीला फळातून आत बोलावत होते, आणि ती बाहेर लिंबू हातात घेऊन बसली होती की काय? ठाऊक नाही. मी गोळ्या ठेवून यायला गेले आणि तिने गोळ्यांसकट घरी पाठवलं, एवढंच मला माहीत. आता सगळं तिच्यावरच सोडते, पण डॉक्टरांना नीट विचारून सोडते.

फोड अजून रोज फोटोपुढे ठेवते. ती लेक खाते. आंबट लागलं की डोळे गच्च मिटते. मी पाण्याबरोबर गोळी गिळते आणि ती डोळे उघडेपर्यंत हात जोडून उभी राहते.