गॅरेजमधली कॉट

शेतात पाय घसरून वडील पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन सोलापुरात झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, उंच कॉट, वॉकर आणि कमोडची खुर्ची लागेल. माझा जुळे सोलापुरातला फ्लॅट लहान. एवढं सामान विकत आणलं तर नंतर ठेवायचं कुठं? बँकेतल्या एका सहकाऱ्याने जवळच राहणाऱ्या एका जोडप्याचा पत्ता दिला.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती. कॉट, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या असं सगळं भिंतीला लावून ठेवलं होतं. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, काकू शिवणकाम करायच्या. आपापसात ते तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. काकांची आई गेल्यावर तिची कॉट शेजाऱ्यांनी मागून नेली. ती परत आली तेव्हा दुसरं कुणीतरी न्यायला उभं होतं. तिथून हे सुरू झालं. मी पैशांचं विचारलं तर काकू म्हणाल्या, "पुसून परत आणा, एवढंच."

वडील कॉटवर झोपले, वॉकर धरून उभेही राहिले, पण त्या खुर्चीवर बसायला तयार होईनात. "पोरासुनंनं माजं असलं काम करायचं? न्हाय जमायचं," म्हणाले, आणि त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. मी काकूंना फोन केला. काही उपाय सांगतील असं वाटलं होतं. त्या स्वतःच आल्या.

"मामा, ही खुर्ची आमच्या सासूबाईंची," त्या वडिलांजवळ बसून म्हणाल्या. "आधी लई रडल्या. मग इतकी सवय झाली, की झाकण लावून तिच्यावरच बसून भाजी निवडायच्या."

"भाजी?" वडिलांनी विचारलं.

"मेथी. आणि आम्हाला खायला लावायच्या."

ऑपरेशननंतर वडील पहिल्यांदाच हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि खुर्ची जवळ आणायला सांगितली. पुढे ते काठी टेकत चालायला लागले आणि गावी गेले. सामान पुसून परत करताना मला वाटलं, या दोघांचं कुणीतरी जाहीर कौतुक करायला हवं.

आमच्या कॉलनीच्या मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. मी त्यांचं नाव सुचवलं, अध्यक्षांनी मान्य केलं. काकू मात्र तयार नव्हत्या. "सत्कार कशाला? त्यात अख्खी संध्याकाळ जाते," त्या म्हणाल्या. लोकांना कळलं तर गरजू येतील, असं मी म्हटल्यावर त्या कबूल झाल्या. कुणी आलंच तर घरी माणूस हवं म्हणून काका थांबले.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं. त्यातच काकूंचा फोन वाजला. त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "कॉट न्यायला टेम्पो आलाय. पेशंटला दवाखान्यातून सोडलंय. ह्यांच्या कमरेत उसण भरलीय, उचलायला नको त्यांनी. मी निघते."

मी स्कूटर काढली. टेम्पोत कॉट चढवली, आणि पेशंटच्या घरी फक्त त्याची बायको होती म्हणून आम्हीही मागोमाग गेलो. लिफ्ट नव्हती. ड्रायव्हर आणि मी कॉट घेऊन जिना चढलो, काकू वळणावर "जरा डावीकडं" म्हणत राहिल्या. गादी घालून झाल्यावर त्यांनी त्या बाईला कॉटचं डोकं वर कसं करायचं ते दाखवलं, आणि तिच्याकडून दोनदा करून घेतलं.

परतलो तेव्हा मांडववाले खुर्च्या रचत होते. अध्यक्ष शाल घेऊन थांबले होते, जरा घुश्शातच. "बाई, तुमचं नाव पुकारलं आम्ही."

"चुकलंच," काकू म्हणाल्या. "पण पेशंट खाली ॲम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचरवर थांबला होता."

रिकाम्या मांडवात अध्यक्षांनी काकूंना शाल पांघरली. फोटोवाला निघून गेला होता. टाळ्या वाजवायला मी आणि दोन मांडववाले. त्यांतल्या एकाने जाताना काकूंना बाजूला घेतलं आणि आईसाठी वॉकर मिळेल का, असं विचारलं.

काकांची कंबर पुढे बरी झाली, पण जड उचलायची बंदी आली. आता रविवारी मी जातो. चाकांना तेल घालतो, गाद्या पुसतो, कुणाकडे पोचवायचं असेल ते पोचवतो. काही सामान परतच येत नाही. एकदा मी चिडून म्हटलं, जाऊन घेऊन येतो. काकू मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "राहू द्या. अजून कुणीतरी झोपत असेल त्यावर."