फक्त वय तपासण्यासाठी

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले भाऊराव ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं 'फक्त या कामासाठी' लिहून सही केल्याशिवाय ती हातातून सोडत नसत. जवळच्याच गुरुग्रामला राहणारी नात श्रावस्ती दर रविवारी मोबाइलवर त्यांच्याशी कॅरम खेळे. त्या रविवारी मात्र ॲपने वयाच्या खात्रीसाठी चेहऱ्याचा फोटो मागितला.

"झेरॉक्सवर लिहितो, चेहरा तर मूळ प्रत!" म्हणत भाऊरावांनी बायकोकडून, नंदाताईंकडून, कपाळावर काजळाने 'फक्त वय तपासण्यासाठी' लिहून घेतलं. गालावर सही मात्र स्वतः केली आणि फोटो पाठवला.

ॲपचं उत्तर आलं, 'आपण अठरा वर्षांखालील वाटता. पालकांचा फोटो पाठवा.'

"अहो, आता मुकाट्याने दूध प्यायचं," नंदाताई म्हणाल्या. "पण पालक म्हणून माझा चेहरा मिळायचा नाही हं!"

"मग आमचा डाव?" भाऊरावांचा आवाज खरोखरच लहान झाला.

भाऊरावांनी फोन करून हे सांगितलं, तेव्हा श्रावस्ती हसून हसून लोळत होती. "अरे यार आजोबा! चलो, मी मेट्रोने येते. खरा बोर्ड काढा. आणि तोंड धुऊ नका, मला फोटो हवाय!"

भाऊरावांनी बोर्डवर पावडर टाकली. श्रावस्ती आली तसं दार उघडताच त्यांनी सहीचा गाल पुढे केला.

"काढ बिनधास्त. फक्त तुझ्यासाठी."